एका रक्ताचे दोन आकडे

सन 2019 च्या पावसाळ्यांत पायांवर किंचित् सूज दिसूं लागली, म्हणून मीं आपल्या शहरांतील एका प्रयोगशाळेंत रक्त तपासावयास दिलें. दुसरे दिवशीं हातांत पडलेल्या कागदावर मूत्रपिंडांच्या कार्यशक्तीपुढें एका आकड्याऐवजीं दोन आकडे छापलेले होते. वरच्या ओळींत 60 व खालच्या ओळींत 52. वरच्या ओळीच्या आरंभीं 'आफ्रिकन अमेरिकन असल्यास' असे शब्द होते आणि खालच्या ओळीच्या आरंभीं 'नसल्यास'. सुई एकदांच टोंचली होती. रक्त एक, नळी एक, यंत्रहि एकच. आणि उत्तरें मात्र दोन. हा कागद चुकून दुसऱ्याच कोणाचा आपल्या हातीं पडला असावा, अशी मला पहिल्यानें शंका आली.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला तो कागद दाखविला तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामा, तुम्ही खालच्या ओळींतले. यंत्राबरोबर गणिताचें सूत्रहि परदेशांतून आलें आहे. तिकडे काळ्या माणसाचा आकडा सुमारें सोळा टक्के वाढवून धरतात."

"पण साठ आणि बावन्न यांत असें काय मोठें अंतर आहे रे?" मीं विचारलें.

त्यानें हंसणें आवरलें. "आकडा साठाच्या खालीं तीन महिने राहिला, तर त्याला आम्ही मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणतों. साठ किंवा त्याहून अधिक असला आणि लघवींत वगैरे दुसरा दोष नसला, तर म्हणत नाहीं."

गोष्ट एवढ्यावरच थांबली असती तर मी पथ्यपाणी सुरू करून तो कागद विसरूनहि गेलों असतों. परंतु एक विचार मनांतून जाईना. मी वरच्या ओळींतला असतों, तर त्याच रक्तावरून त्याच भाच्यानें मला 'कांहीं काळजी नाहीं, घरीं जा' असें सांगितलें असतें. माझीं मूत्रपिंडें होतीं तशींच राहिलीं असतीं. तीं थकत चाललीं आहेत ही वार्ता मात्र मला कळली नसती. एखाद्याला औषध न मिळणें हें दुर्दैव होय. पण तो आजारी आहे हेंच त्याला कळूं नये, आणि तेंहि त्याच्या त्वचेच्या रंगावरून, याला काय म्हणावें?

ज्या शहरांत हें बोलणें झालें तें शहर एका आफ्रिकन माणसानें वसविलेलें आहे, हें तेव्हां मला एकाएकीं आठवलें. मलिक अंबर सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इथिओपियांत जन्मला. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जात बगदादेच्या बाजूनें फिरत दक्षिणेंत आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहींत चंगीजखान या वजिराच्या पदरीं राहिला. हा चंगीजखानहि मूळचा हबशी गुलामच होता. पुढें मोंगलांच्या रेट्याखालीं ती निजामशाही कोसळूं लागली असतां अंबरानें ती 1626 सालीं मरेपर्यंत सांवरून धरिली. 1610 सालीं त्यानें खडकी येथें राजधानी वसविली, आणि 1624 सालच्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले. खडकीचें पुढें फत्तेनगर झालें, फत्तेनगरचें औरंगाबाद झालें, आणि 2023 सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें. इतकीं नांवें आलीं आणि गेलीं. पण अंबरानें उभारलेला भडकल दरवाजा अद्यापि आपल्या जागीं आहे, आणि उत्तरेकडील डोंगरांतून जमिनीखालून शहरांत पाणी आणणाऱ्या त्याच्या नहरीचें नांव येथील जुनीं माणसें अजून आदरानें घेतात.

या पुरुषाच्या रंगाचा विसर त्याच्या शत्रूंना कधींच पडला नाहीं. बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत त्याचा उल्लेख त्याच्या काळेपणावरून हिणवून करतो. अबुल हसन या चित्रकाराकडून त्यानें एक चित्रहि काढवून घेतलें. त्यांत बादशहा भाल्याच्या टोंकावर ठेवलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. रणांगणांत जें मस्तक हातीं लागलें नाहीं, तें कागदावर छाटून बादशहानें समाधान मानलें! आतां कल्पना करा कीं हाच अंबर आज आपल्याच शहरांतील त्या प्रयोगशाळेंत रक्त देऊन बांकावर बसला आहे. त्याचा देश कोणता, त्याचे आईबाप कोण, तो खातो काय, झिजतो किती, यांपैकीं एकहि प्रश्न त्याला कोणी विचारणार नाहीं. त्याच्या चेहऱ्याकडे एकदां पाहून वरची ओळ त्याच्या नांवावर लावली जाईल. जहांगीराचा बाण द्वेषाचा होता. हा आकडा निर्द्वेष आहे. परंतु दोघांनींहि माणूस पाहिला नाहीं, रंग पाहिला.

तेव्हां मूळ प्रश्न असा कीं, वैद्यानें माणसाच्या वंशाचा विचार करावा कीं करूं नये?

आपल्या घरांत वाढलेल्या सुसंस्कृत मनाचें पहिलें उत्तर ठरलेलें आहे. सर्व माणसें सारखीं. रोग जात पाहत नाहीं. मग वैद्यानें तरी ती कां पाहावी? हें उत्तर उदार आहे आणि मलाहि तें मनापासून आवडतें. दुर्दैव इतकेंच कीं तें पुरतें खरें नाहीं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचेंच उदाहरण घेऊं.

हा कर्करोग म्हणजे एक रोग नव्हे. एका आडनांवाखालीं नांदणाऱ्या, पण स्वभावानें भिन्न अशा अनेक रोगांचें तें कुटुंब आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या प्रकाराला डॉक्टर 'क्लिअर सेल' म्हणतात, कारण सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या पेशी रिकाम्या, कांचेसारख्या दिसतात. चार रोग्यांतील सुमारें तिघांना हाच प्रकार असतो. दुसरा प्रकार 'पॅपिलरी'. यांत गांठीच्या आंत बोटांसारखे बारीक अंकुर फुटलेले दिसतात. पहिल्याचीं कारणें वेगळीं, दुसऱ्याचीं वेगळीं. एकावर लागू पडणारें औषध दुसऱ्यावर तितकेंच लागू पडेल असा भरंवसा नाहीं. आणि अमेरिकेंत असें वारंवार दिसून आलें आहे कीं, मूत्रपिंडाचा कर्करोग झालेल्या काळ्या रोग्यांत पॅपिलरी प्रकाराचें प्रमाण गोऱ्या रोग्यांतील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक असतें, आणि क्लिअर सेलचें त्या मानानें कमी.

तिसरा एक प्रकार फार विरळा, पण फार क्रूर आहे. 1995 सालीं अमेरिकेंतील तीन विकृतिशास्त्रज्ञांनीं त्याचें पहिल्यानें स्वतंत्र वर्णन केलें. मूत्रपिंडाच्या अगदीं आंतल्या गाभ्यांत, ज्याला मेड्युला म्हणतात तेथें, तो उद्भवतो. रोगी बहुधा विशी-तिशींतला तरुण. गांठ बहुधा उजव्या बाजूची. आणि रोग कळल्यावर हातीं राहणारा काळ बहुधा वर्ष-दीड वर्षाचा. या रोग्यांत जवळजवळ सर्वांच्या रक्तांत सिकलसेलचें एक जनुक आढळलें, आणि त्यांतील बहुतेक सर्व काळ्या वंशाचे होते.

आतां कोणी डॉक्टर 'मी माणसामाणसांत भेद करीत नाहीं' असें म्हणून या गोष्टींकडे डोळेझांक करील, तर त्याची समता कोणाच्या उपयोगीं पडेल? लघवींतून रक्त जात असलेला वीस वर्षांचा मुलगा त्याच्यापुढें येईल, 'या वयांत कर्करोग कोठून असणार' असें म्हणून तो त्याला मुतखड्याचें औषध देईल, आणि मुलाच्या हातचे थोडेसे महिने निघून जातील. शिवाय मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्या बहुतांशीं क्लिअर सेलच्या रोग्यांवर झाल्या, आणि त्यांत काळे रोगी फारच थोडे होते. चाचणी घेणाऱ्यांच्या मनांत द्वेष असेलच असें नाहीं. बहुसंख्यांना जो रोग होतो तो त्यांनीं निवडला. पण एका समाजांत ज्या रोगाचें प्रमाण अधिक, त्याच्याविषयींचें ज्ञान तेवढें मागें राहिलें. भेद न पाहणें म्हणजे नेहमींच समदृष्टि नव्हे. कित्येकदां बहुसंख्यांच्या शरीरालाच सर्वांचें शरीर मानणें, एवढाच तिचा अर्थ असतो.

तर मग भेद पाहावा, असें ठरलें. पण पाहावा तो कसा? येथें पुन्हां माझ्या कागदावरील त्या दोन ओळींकडे वळलें पाहिजे.

निरोगी माणसाचीं दोन मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें 180 लिटर द्रव गाळतात, आणि त्यांतील दीड लिटरच्या आसपास तेवढा लघवीच्या रूपानें बाहेर टाकतात. हें गाळणें प्रत्यक्ष मोजणें जिकिरीचें असल्यामुळें डॉक्टर तें अंदाजानें ठरवितात. स्नायूंपासून निघणारें क्रिएटिनिन नांवाचें द्रव्य रक्तांत किती सांचलें आहे, हें पाहून वय व लिंग यांच्या आधारें आकडा काढतात. 1999 सालीं अमेरिकेंत जें सूत्र तयार झालें, त्यांत रोगी काळा असल्यास आलेल्या उत्तराला सुमारें 1.2 नें गुणावें असें ठरलें; 2009 सालच्या सुधारलेल्या सूत्रांत तो गुणक 1.16 च्या जवळ आला. काळ्या लोकांत क्रिएटिनिन सरासरीनें अधिक आढळलें होतें, आणि त्यांचे स्नायू सरासरीनें अधिक असावेत असें त्याचें कारण सुचविण्यांत आलें. सरासरी ही एक उपयुक्त वस्तु आहे. पण सरासरीला ताप येत नाहीं, सरासरीच्या पायांवर सूज येत नाहीं. काळ्या वर्णाचा अशक्त, हाडकुळा म्हातारा आणि काळ्या वर्णाचा पहिलवान यांना त्या सूत्रानें एकाच गुणकानें गुणलें.

याचा परिणाम केवळ कागदावर राहिला नाहीं. अमेरिकेंत मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठीं प्रतीक्षायादींतील आपला काळ मोजला जाऊं लागावयाचा, तर हा आकडा 20 पर्यंत उतरावा लागतो. ज्या काळ्या रोग्याचा आकडा गुणकाशिवाय 18 आला असता, तो गुणकामुळें 21 च्या घरांत जाई; आणि शेजारच्या खाटेवरील गोऱ्या रोग्याचा काळ मोजला जाऊं लागला असतां हा बाहेरच राही. अखेर 2021 सालीं तेथील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनीं वंशाचा गुणक वगळलेलें नवें सूत्र स्वीकारलें. 2023 पासून जुन्या सूत्रामुळें ज्या काळ्या रोग्यांचा काळ बुडाला होता, त्यांना तो परत मोजून देण्याचें बंधन रुग्णालयांवर आलें. हजारों माणसांना असा काळ परत मिळाला. जे मध्यंतरीं वारले त्यांचा हिशेब अर्थातच करतां येत नाहीं.

तरी गुणक सरासरीनें थोडाबहुत बरोबर होता असें घटकाभर मानूं. मग अंबराच्या बाबतींत तरी वरची ओळ खरी ठरली असती काय? येथें विज्ञानानेंच एक विलक्षण गोष्ट पुढें आणली आहे. 2010 सालीं असें कळून आलें कीं, एपीओएल-वन नांवाच्या जनुकाचीं दोन रूपें अमेरिकेंतील काळ्या लोकांत मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका पुष्कळ वाढवितात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशीं दोन्हीं धोक्याचीं जनुकें मिळालीं म्हणजे हा धोका विशेष संभवतो. हीं रूपें टिकून कां राहिलीं? कारण निद्रारोग नांवाच्या आफ्रिकेंतील एका जीवघेण्या रोगाच्या जंतूंपासून तीं माणसाचें रक्षण करतात. तीं नायजेरिया, घाना अशा पश्चिम आफ्रिकेंतील देशांत पुष्कळ आढळतात, आणि अमेरिकेंत गुलाम म्हणून नेलेल्यांपैकीं बहुतेकांचे पूर्वज पश्चिम व मध्य आफ्रिकेच्याच किनाऱ्यावरचे. परंतु इथिओपियांतील लोकांत तीं जवळजवळ आढळतच नाहींत! म्हणजे अमेरिकेंतील काळ्या माणसांविषयीं जें खरें, तें अंबराच्या मायदेशीं खोटें. आफ्रिका खंडांतील माणसामाणसांत जितकी आनुवंशिक विविधता आहे, तितकी उरलेल्या सर्व जगांत मिळून नाहीं. आणि आपण मात्र त्या अवघ्या खंडाला एका रंगाची एकच चिठ्ठी लावून मोकळे होतों.

आपल्याकडील 'हबशी' हा शब्दहि तसाच फसवा आहे. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. पण समुद्रापलीकडून आलेल्या प्रत्येक काळ्या माणसाला आपण हबशी किंवा सिद्दी म्हणूं लागलों. जंजिऱ्याचे नबाब सिद्दी. कर्नाटकांत यल्लापूर-हल्याळच्या रानांत राहणारे कष्टकरी सिद्दी. गुजराथेंत गीरच्या बाजूचेहि सिद्दीच. 2011 सालीं कर्नाटक व गुजराथ येथील सिद्दींच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांचा आफ्रिकन वारसा मुख्यतः बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशीं जुळला, आणि त्यांत हिंदी व थोडें युरोपियन रक्तहि मिसळलेलें आढळलें. अशा सिद्दी मजुराची आणि इथिओपियाच्या अंबराची ओळ एकच धरणें म्हणजे काश्मिरी पंडित व केरळांतला कोळी यांना 'हिंदी' या एका शब्दावरून एकच पथ्य सांगण्यासारखें आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, ही सारी दूरदेशची कहाणी. तिच्याशीं आपला संबंध काय? संबंध फार जवळचा आहे, आणि तो त्या क्रूर तिसऱ्या प्रकारांतूनच येतो. सिकलसेल म्हणजे काय, हें विदर्भांतल्या व खानदेशांतल्या वाचकांस सांगावयास नको. या दोषामुळें रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडला म्हणजे विळ्याप्रमाणें वांकड्या होतात. दोन्ही आईबापांकडून दोष आला तर मनुष्य रोगी होतो. एकाकडूनच आला तर तो केवळ वाहक असतो, व बहुधा आयुष्यभर निरोगीच राहतो. मूत्रपिंडाच्या गाभ्यांत प्राणवायु मुळांतच कमी असतो. तेथें वाहकाच्याहि पेशी वांकतात, आणि त्या मेड्युलरी कर्करोगाचें मूळ या गोष्टींत असावें असें मानतात. हजारों वाहकांत एखाद्यालाच तो होतो. म्हणून वाहकांनीं घाबरून जाण्याचें कांहींच कारण नाहीं, पण तरुण वयांत लघवींतून रक्त गेल्यास आपण वाहक आहों हें डॉक्टरांना आवर्जून सांगावें.

हा रक्तदोष 1910 सालीं शिकागोच्या एका डॉक्टरानें वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तांत प्रथम वर्णन केला, आणि मग कित्येक वर्षें अमेरिकेंत तो 'काळ्यांचा रोग' ठरला. इतका कीं, ग्रीक किंवा इटालियन वंशाच्या एखाद्या रोग्यांत तो सांपडला, तर त्याच्या पूर्वजांत कोणीतरी काळा असला पाहिजे असा संशय डॉक्टर घेत! रोगाची व्याख्या चुकली असेल असें न म्हणतां रोग्याच्या आजीच्या चारित्र्यावर शंका घ्यावयाची, असा हा न्याय. 1952 सालीं नीलगिरींतील आदिवासींत सिकलसेल आढळला, आणि पुढें नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत, विदर्भांतील कित्येक दलित कुटुंबांतहि तो आहे असें दिसून आलें. ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या हिंवतापानें माणसें मेलीं, तेथें हें एक जनुक बाळगणारा मनुष्य हिंवतापांतून अधिक वांचला. म्हणून तें तेथें टिकलें. त्याचा वाटाड्या डांस होय, त्वचेचा रंग नव्हे. आणि तो कर्करोगहि काळे नसलेल्या वाहकांत क्वचित् कां होईना आढळलेला आहेच. 'हा काळ्यांचा रोग' एवढेंच पाठ केलेला डॉक्टर अक्कलकुव्याच्या मुलाला तो प्रश्न विचारणारच नाहीं.

परंतु अमेरिकेला नांवें ठेवून आपली सुटका होत नाहीं. त्यांनीं जें रंगाच्या बाबतींत केलें, तें आपण जातीच्या बाबतींत करतों. 1 जुलै 2023 रोजीं सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटि लोकांची तपासणी करावयाची व 2047 पर्यंत हा रोग निवारावयाचा, असा तिचा संकल्प आहे. तपासणी झालेल्या माणसाला कार्ड मिळतें, आणि दोन वाहकांनीं विवाहापूर्वीं विचार करावा हा त्याचा हेतु. हेतु उत्तम आहे. पण तें कार्ड एखाद्या सोयरिकीच्या बैठकींत पोंचलें म्हणजे काय होतें, याचा विचार करा. वाहक मुलीला वाहक नसलेला वर मिळाला तर त्यांच्या संततींत एकालाहि तो रोग होणार नाहीं. तरीहि 'रक्तांत दोष आहे' म्हणून ती मुलगी नाकारली जाते. आणि तपासणी ज्या समाजांत अधिक झाली, तो सारा समाजच रोगट अशी कुजबूज शेजारीं सुरू होते. ज्यांची तपासणीच झाली नाहीं, ते आपल्या रक्ताविषयीं निश्चिंत! प्रश्न विचारण्यासाठीं दिलेल्या चिठ्ठीचा आपण निकाल करून टाकतों.

आणखी एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेंतील काळ्या रोग्यांत मूत्रपिंडाची गांठ पुष्कळदां लहान असतांना व इतरत्र पसरण्यापूर्वींच सांपडते. असें असूनहि त्यांचें जगणें गोऱ्यांहून कमी भरतें. हें जनुकांनीं घडविलें म्हणावें, तर त्याच नोंदींतून असें दिसतें कीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया कमी होतात, आणि रक्तदाब व मूत्रपिंडाचे जुने विकार त्यांच्या मागें अधिक असतात. पॅपिलरी प्रकार तर वर्षानुवर्षें निकामी झालेल्या मूत्रपिंडांत अधिक होतो. मग तीं मूत्रपिंडें आधींच कां निकामी झालीं, वेळेवर औषध कां मिळालें नाहीं, हा प्रश्न येतोच. समाजानें केलेला अन्याय शरीरांत शिरतो, वर्षांनीं रोगाचें रूप घेतो, आणि मग आपण त्याला 'वंशाचा गुणधर्म' असें नांव देऊन हात झटकतों. भेद रक्तांत आहे असें म्हटलें कीं कोणाचाच अपराध उरत नाहीं. म्हणूनच हें उत्तर इतकें सोयीचें असतें.

हें सर्व मीं भाच्यापुढें मांडलें तेव्हां तो म्हणाला, "मामा, तुमचें म्हणणें पटतें. पण बाहेर शंभर माणसें रांगेंत उभीं असतात. प्रत्येकाचीं जनुकें तपासावयाला ना वेळ, ना पैसा. गांव, जात, वंश यांवरून अंदाज बांधला नाहीं, तर आम्हीं काम करावें तरी कसें?"

हा आक्षेप खोटा नाहीं. अपुऱ्या ज्ञानांत काम करणाऱ्याला खूण लागतेच. नंदुरबारहून आलेल्या मुलाला सिकलसेलची तपासणी आधीं सुचविणें हें शहाणपणाचें आहे, आणि तें न सुचविणें हा निष्काळजीपणा. म्हणून खूण मुळींच वापरूं नये असें मी म्हणत नाहीं. मी तीन प्रश्न विचारावे म्हणतों. पहिला, ही खूण चौकशी सुरू करते कीं बंद करते? नंदुरबारची खूण तपासणीकडे नेते. 'आफ्रिकन अमेरिकन' ही खूण तपासणीचेंच उत्तर बदलून टाकते. दुसरा, खूण चुकली तर त्याची किंमत कोण देतो? एक जादा तपासणी झाली तर चार पैसे जातील. रोग्याला निरोगी ठरविलें तर मूत्रपिंडें जातील, आणि तीं चिठ्ठी लावणाऱ्याचीं जाणार नाहींत. तिसरा, याहून जवळचें साधन हाताशीं आहे काय? रक्ताच्या एका थेंबांत सिकलसेल कळत असतां जात विचारणें, आणि स्नायूंवर फारसें अवलंबून नसलेलें सिस्टॅटिन-सी मोजतां येत असतां रंग पाहणें, याला आळस हेंच नांव आहे. अज्ञान क्षम्य असतें, पण ज्ञान दाराशीं आलें असतां जुन्या चिठ्ठीला चिकटून राहणें क्षम्य नाहीं.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पहिला प्रश्न तेवढा लक्षांत ठेवीन. उरलेले दोन त्यांतूनच निघतात." त्याच्या धंद्यांतल्या माणसाकडून एवढी कबुली मिळणें मला पुष्कळ वाटलें.

माझ्या कागदाची हकीकत आतां थोडक्यांत संपवितों. तीन महिन्यांनीं पुन्हां तपासणी झाली. आकडा 52 च्या आसपासच राहिला. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, मीठ कमी झालें, दुखण्यावरच्या गोळ्या आपल्या मनानें घेण्याची माझी जुनी खोड सुटली. आज इतक्या वर्षांनींहि आकडा फारसा उतरलेला नाहीं, आणि याचें श्रेय मी खालच्या ओळीला देतों. अलीकडे येणाऱ्या माझ्या कागदांवर एकच ओळ असते. पण तो दोन ओळींचा जुना कागद मीं टाकून दिलेला नाहीं. वरच्या ओळींतहि कोठेंतरी माझ्याच वयाचा, तसल्याच सुजलेल्या पायांचा एक मनुष्य होता. त्याचें रक्तहि तेंच सांगत होतें, आणि त्याला 'घरीं जा' म्हणून सांगण्यांत आलें.

भडकल दरवाजावरून जातांना मला त्या माणसाची आठवण येते. अंबराला धन्यांनीं नांवें दिलीं, शत्रूंनीं रंगावरून हिणविलें, बाजारानें त्याची किंमत ठरविली. तो कोण आहे हें जाणून घ्यावें असें त्यांपैकीं फार थोड्यांना वाटलें. त्याच्या नगरांत राहणाऱ्या आपण लोकांनीं निदान एवढें करावें. आजारी माणूस समोर आला म्हणजे त्याचा वारसा अवश्य विचारावा, कारण त्यांत त्याच्या आजाराची खूण असूं शकेल. पण विचारावें तें त्याला, आणि उत्तर ऐकून घेईपर्यंत थांबावें.